सांगावा कुणी धाडला?

माझ्या कादंबरीतला खुनी मी चुकीचा पकडला होता. हे मला कुणा समीक्षकानं नाही, माझ्या टायपिस्ट बाईंनी सांगितलं. त्यावर मी असा खेकसलो की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मान बाहेर काढून बघितलं. राग नाकावर घेऊनच जन्माला आलोय, काय करणार!

कोल्हापूरच्या कोर्टात तीस वर्षं वकिली झाल्यावर मला कादंबरीचं खूळ लागलं. माझ्या सीनिअरांच्या कपाटात संस्थानच्या काळातल्या एका निकालाची जुनी नक्कल सापडली होती. पन्हाळ्याच्या बाजूचं गाव, एकाच रात्री दोन सख्ख्या भावांचे खून. गावच्या तराळानं, म्हणजे दवंडी आणि मौतीचे सांगावे पायी पोचवणाऱ्या माणसानं, दिवस उगवायला मलकापूरला त्यांच्या पाव्हण्यांचं दार ठोठावलं, दोघं भाऊ गेले म्हणून. आणि गावात प्रेतं सापडली दुपारी, उसात. कोर्ट म्हणालं, हे आधी ठाऊक असणार ते खून करणाऱ्यालाच. तराळाला जन्मठेप झाली आणि तो तुरुंगातच मेला.

मी त्यावर कादंबरी रचली. एक करारी वकील घोड्यावरून फिरून तपास करतो आणि शेवटच्या प्रकरणात तराळाला उघडा पाडतो. तो शेवट मला इतका आवडला होता की बायकोला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी ती झोपली, ते सोडा.

टायपिस्ट बाई कोर्टाबाहेरच्या खोक्यात बसतात. रोज कोडोलीहून एसटीनं येतात. माझे दावे, कैफियती बावीस वर्षं त्याच टाइप करतात, कारण माझं अक्षर दुसऱ्या कुणाच्या बापाला लागत नाही. कादंबरीही त्यांच्याकडंच दिली. शेवटच्या प्रकरणापाशी त्यांचे हात थांबले.

"साहेब, ह्यो खुनी न्हाय."

"बाई, तुम्ही टाइप करा. खुनी कोण ते मी ठरवतो."

"ठरवा की. पर ह्यो माझ्या बाबांचा आजा हाय."

गावाचं नाव मी बदललं होतं, पण घरच्या माणसाला काय, खुणा पुरतात. निकालानंतर त्यांचं घर गाव सोडून कोडोलीला आलं होतं. छप्पन्न साली ही मंडळी बौद्ध झाली, तराळकी सुटली, पोरं शिकली, नोकरीला लागली. 'खुन्याचं घर' हे नाव तेवढं सुटलं नाही. बाबांना शाळेत 'खुन्याचा नातू' म्हणायचे. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, तरी त्या गावचं कोण भेटलं की मान खाली घालतात.

"इतकी वर्सं लोक नुसतं बोलत हुते," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही छापणार."

मी वकीलच. वाद घातल्याशिवाय राहतोय होय! "बाई, मला वाईट वाटतंय. पण प्रेत सापडायच्या आधी त्याला कळलं कसं?"

"कळाय कशाला पायजे? धाडलं म्हणून गेला. तराळ आपल्या मनानं सांगावा घिऊन जाईत न्हवता, साहेब. गेला असता तर पाठ सोलली असती. पाटलानं हुकूम केला की निघायचं. त्याला धाडलं कुणी ते बघा की!"

आता सांगायला लाज वाटते, पण आमच्याच घराण्यात पाटीलकी होती. 'तराळाला पिटाळला' हे वाक्य आजोबांच्या तोंडून मी शंभरदा ऐकलेलं. पिटाळणारा कोण, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही, कारण तो आमच्याच सोप्यात बसलेला असायचा.

घरी जाऊन नक्कल परत वाचली. तुला कुणी पाठवलं याचा खुलासा आरोपीनं केला नाही, असं त्यात एका ओळीत होतं. साक्षीदार नंबर एक गावचा पाटील, मेलेल्या भावांचा चुलता. भावांच्या जमिनीचा वारसही तोच, हेही त्याच कागदात. दुसऱ्या दिवशी बाईंना वाचून दाखवलं.

"खुलासा कसा करंल?" त्या म्हणाल्या. "धाडणारा म्होरं बसलावता."

तीस वर्षं उलटतपासण्या घेतोय मी, आणि एवढा साधा प्रश्न सुचला नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. शेवटचं प्रकरण फाडलं आणि नवीन लिहिलं. त्यात माझा वकील भर कोर्टात तराळाला विचारतो, तुला धाडलं कुणी? बाईंनी ते न थांबता टाइप केलं. मग पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "साहेब, एक मागू? तुमच्या पुस्तकात घोड्यालाबी नाव हाय. माझ्या पणज्याला न्हाय."

खरंच नव्हतं. अख्ख्या पुस्तकात तो नुसता तराळ. त्यांनी नाव सांगितलं. मी म्हणालो, लोक ओळखतील.

"वळखू देत की!"

पानोपानी जिथं तराळ होता तिथं त्यांनी ते नाव घातलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा बाबांनी एकच सांगून पाठवलं, एक प्रत त्या गावच्या वाचनालयात द्यायची, आणि ती द्यायला ते स्वतः येणार. माझ्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. आज्याच्या गावात बाबा आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते.

ग्रंथपालानं पुस्तक घेतलं आणि देणगीचं रजिस्टर पुढं केलं. बाबांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. ग्रंथपाल रजिस्टर मिटायला लागला.

"थांबा पावणं," बाबा म्हणाले. त्यांनी खालच्या ओळीत सावकाश आज्याचं नाव लिहिलं, आणि त्यापुढं लिहिलं, 'यांचा नातू'.