जोडीला एकच फासा

विलास गेल्याचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीला प्रयोगशाळेत त्याच्याच सर्किटची फुशारकी मारत होतो. ‘बघा रे, आमच्या विलास सरांचं डिझाइन! एकही पेटी नापास नाही.’ महिना उलटला, तरी ते वाक्य आठवलं की मान खाली जाते.

आम्ही दोघांनी एकाच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. मी अजून तिथंच आहे; निवृत्तीनंतर तो अकोल्याला घरी गेला आणि शाळांसाठी नाडीचे ठोके काट्यावर दाखवणारी पेटी बनवत बसला. तिच्या तोंडाशी दोन ट्रान्झिस्टरांची जोडी. दोघं सारखे हवेत. पण एकाच पाकिटातलेही कधी अगदी सारखे निघत नाहीत, आणि मग नाडी न लावताही काटा शून्यावरून ढळतो. वर्गात विलास त्यातल्या एकाला चिमटीत धरायचा. ‘पाह्य, सरकला काटा! याले माह्या बोटाची गरमी लागली.’ मग बोटं काढून काटा परत येईपर्यंत सगळ्या वर्गाला गप्प उभं करायचा...

पेट्या बनवण्याआधी किती बिघडतील याचा अंदाज हवा. त्यासाठी संगणकावर प्रत्येक भागाची किंमत नशिबावर सोडून थोडी खालीवर करायची आणि तेच सर्किट शेकडो वेळा चालवून बघायचं. विलास याला फासे टाकणं म्हणे. छातीचं दुखणं वाढलं तेव्हा त्यानं ते काम माझ्यावर सोपवलं. ‘तूच टाक बे फासे. माह्याच्यानं आता बसणं होत नाही.’ मी टाकले आणि फोन केला, ‘सगळ्या पास!’

तो जरा थांबला. ‘सगळ्या?’

‘सगळ्या.’

‘बरं झालं गड्या,’ एवढंच म्हणाला. आमचं तेच शेवटचं बोलणं.

तो गेल्यावर ती फाइल सहज उघडली आणि चूक दिसली. घाईत मी जोडीतल्या दोघांना एकच फासा टाकला होता. एक वर गेला की दुसराही तेवढाच वर. मग फरक उरणार कसा? जो फरक शोधायचा, तोच मी पुसून टाकला होता. वेगवेगळे फासे टाकले, तर कितीतरी पेट्यांचे काटे शून्यापासून लांब! मुलांच्या असल्या चुकीवर मी लाल शाई सांडली असती. विलास माझ्या खोट्या भरवशावर गेला, हे मनातून जाईना.

तेरवीला अकोल्याला गेलो, ते वहिनींना सगळं सांगायचं ठरवूनच. त्यांनी मला त्याच्या खोलीत नेलं. टेबलावर पेटी उघडी होती आणि जोडीच्या मधोमध एक निळा, बारका स्क्रू बसवलेला. मला दिलेल्या आराखड्यात तो नव्हता. जोडी कशीही निघो, तो फिरवून काटा शून्यावर आणता येतो.

‘तुमचा फोन आला त्याच दिवशी लावला,’ वहिनी म्हणाल्या. ‘मले म्हणे, अरुणले सांगू नको, मनाले लावून घेईन तो.’

पेट्या वाचल्या, याचं हायसं वाटायला हवं होतं. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ‘सगळ्या’ या एका शब्दावरून त्याला माझी चूक कळली होती, आणि दुखण्यातून उठून त्यानं ती निस्तरली होती. एवढं कळूनही मी वहिनींसमोर चहा पीत गप्पच बसलो.

ती पेटी त्यांनी मला दिली. परवा वर्गात ती लावली आणि विलाससारखंच एका ट्रान्झिस्टरला चिमटीत धरलं. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘सर, हा स्क्रू काहून लावला? तुमच्या निकालात तर सगळ्या पास होत्या.’

त्या दिवशी फुशारकी ऐकणारी हीच मुलं होती...

‘तो निकाल चुकीचा होता,’ मी म्हणालो. ‘चूक माझी. विलास सरांनी ती मला न सांगता दुरुस्त केली.’

मी बोटं काढली आणि काटा परत येईपर्यंत आम्ही सगळे उभे राहिलो.