रुचिकाला ठेवायचं कुठं?

रंजिता नंदुरबारची. बीएस्सी होऊन शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीत नांदायला आली, तेव्हा गाव तिला ‘शिकेल सून’, म्हणजे शिकलेली सून, म्हणायचं. आता ‘खिडक्या लावणारी’ म्हणतं. तिच्या सहा वर्षांच्या रुचिकाला दमा आहे. ऊसतोड सुरू झाली की या घराच्या खिडक्या भरदिवसा बंद होतात.

ऊस तुटून गेला की शेतात वाळक्या पानांचा, म्हणजे पाचटाचा, जाड थर उरतो. काडी लावली की शेत एका संध्याकाळीत मोकळं. सगळं गाव हेच करतं. सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख, आणि रुचिकाचा श्वास छातीत अडकलेला, बरगड्या आत ओढलेल्या.

यंदा रंजिता नवऱ्याशी, भूपेशशी, हट्टानं भांडली. आपलं पाचट जाळायचं नाही, सरीतच कुजू द्यायचं. तो कुरकुरत का होईना, ‘हो’ म्हणाला. सासूबाई भिकुबाईंना मात्र हे थेर वाटले.

“तुन्ही पोर शे का काचनी बरनी?”

“बरणी असती तर कपाटात तरी ठेवली असती, आई.”

पण घरामागचं शेत लोटनआबांचं. वारा काही बांधापाशी थांबत नाही. रंजिता डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या ओट्यापाशी गेली.

“आबा, यंदा पेटवू नका. पोरीला श्वास घेता येत नाही हो.”

“बेटा, धूर शे तो, जहर नई,” आबा हसले. “आम्हना पोरे त्यामाच वाढनात.”

बोलता बोलता ते स्वतःच खोकले. पुष्कळ वेळ खोकले. ‘हा खोकला त्या धुराचाच’ असं रंजिताच्या ओठांवर आलं होतं, पण वडीलधाऱ्या माणसाला काय बोलणार? शेवटी ती एवढंच म्हणाली, “निदान आधी सांगा. मी तिला घेऊन जाईन.”

आबा शब्दाचे पक्के. चार दिवसांनी फोन आला. “सकाय पेटाडस, बेटा. पोरले लई जाय. मांगतून म्हनू नको, आबानी सांगं नई.”

रंजितानं वाफेचं मशीन पिशवीत घातलं आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या बसनं नंदुरबार गाठलं. माहेर. एवढंच सुचलं तिला. दार उघडताच ठसका बसला तेव्हा ती भानावर आली. घरामागं मिरचीची पथारी. लांबच लांब पसरलेली लाल मिरची, ती उलथणाऱ्या बाया, हवेत तिखट धूळ. हा मिरचीचाच हंगाम. याच ठसक्यात ती लहानाची मोठी झाली होती, म्हणून तो तिच्या हिशोबातच आला नव्हता.

भाऊ चंदन म्हणाला, “अगं, सवय होते. तुला झालीच होती ना?”

“तुम्हा सगळ्यांना सवयी झाल्यात!” ती ओरडली. “तिला नाही झाली, हाच तिचा गुन्हा!”

मशीन लावूनही संध्याकाळपर्यंत रुचिकाचे ओठ निळसर दिसू लागले. चंदननंच मग मोटारसायकल काढली. दवाखान्यात मास्क लावल्यावर पोरीचे खांदे हळूहळू खाली आले. तेवढ्यात भूपेशचा फोन. “आबांचं शेत अजून धुमसतंय. आज येऊ नकोस, तिथंच राहा.”

रंजितानं फोन बंद केला.

डॉक्टर चांगले होते. समजावून सांगत होते. “औषध चालू ठेवा. मुख्य म्हणजे हिला धूर आणि धुळीपासून लांब ठेवा.”

“कुठं?”

“म्हणजे?”

“सासरी पाचट, माहेरी मिरची. गावाचं नाव लिहून द्या डॉक्टर. कागदावर लिहा, मी उद्याच तिला घेऊन जाते.”

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. बाहेर बाकावर आणखी दोन आया खोकणारी पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या आत बघू लागल्या. डॉक्टरांनी कागदावर श्वासाचा पंप दिवसातून दोनदाऐवजी तीनदा लिहिला.