चव बघायला नलूमावशी

नलूमावशी गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा ईस्टरला थोडेच दिवस उरले होते. आईनं फोन ठेवला, ओट्याला टेकली आणि म्हणाली, "आता चव कोण बघणार?" बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल... आमच्या घरात मात्र शोकाचं याहून मोठं वाक्य नव्हतं.

मावशी गारखेड्यात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायची. पाटबंधारे खात्यात कारकून. "धरणात थेंब नाय, पण ऑफिसात चहा आहे," असं स्वतःच म्हणून हसायची. ती बौद्ध, आम्ही कॅथलिक. चर्चच्या मिस्सात, म्हणजे प्रार्थनाविधीत, ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर घ्यायची तर पोट रिकामं हवं. चर्चचा नियम आता एका तासाचाच आहे, पण आई तिच्या आईची रीत पाळते. मध्यरात्रीनंतर काही खायचं नाही, साधं चाखायचंसुद्धा नाही. आम्हालाही तेच वळण लागलं.

माझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं वर्ष दुष्काळाचं होतं. समोरच्या ज्वारीच्या रानात इमारती उठत होत्या, प्रत्येकीचं बोअर आधीच्यापेक्षा खोल जात होतं आणि पाणी खारट होत चाललं होतं. त्या पहाटे टँकर आलाच नाही. वैजापूरकडचे पाहुणे येऊन बसलेले, मिस्साला निघायची घाई, आणि आईनं मटणाचा रस्सा बोअरच्या पाण्यात केलेला. मीठ किती टाकायचं? घरभर माणसं, पण सगळीच उपाशी! जिभेवर थेंब घेईल असं एकही माणूस नाही.

"जरा चाख आणि थुंकून टाक," पप्पा म्हणाले.

"आज मी लेकीच्या बरोबरीनं ख्रिस्तप्रसाद घेणार आहे," आई म्हणाली. "थेंब म्हणजे थेंब."

आत्या पुटपुटली, "मग जेवताना रडा सगळे."

मला शेजारी पाठवलं. पांढरा फ्रॉक, डोक्यावर फुलांचा मुकुट, आणि मी दार वाजवून गप्प उभी. अनोळखी काय, ओळखीच्या माणसांशीही बोलायला मला वेळ लागायचा.

"काय गं, परी? बोल की. आग लागली का घराला?"

"रस्सा," मी म्हणाले. "तुम्ही चाखाल? आमचा उपवास आहे."

मावशी तशीच आली, अर्धी वेणी हातात धरून. रस्सा तळहातावर घेतला, डोळे मिटले. सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"मीठ टाकू नको गं बाई. बोअरनं टाकलंय सगळं. चिंच घाल जरा." मग पुन्हा हात पुढे केला. "थांब, दुसऱ्या बाजूनं बघते."

"नलूताई, पातेल्याला बाजू असतात का?" आई हसत म्हणाली. किती दिवसांनी हसली होती ती...

त्या दिवशी आई आणि मी एकामागोमाग वेदीपाशी गेलो. पुढे दर नाताळला, दर ईस्टरला मावशी पहाटे येऊ लागली. "तुमचा उपास, माझी न्याहारी," म्हणायची. एकदा तिनं विचारलं, उपाशी का जाता? मी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेलं काहीतरी अडखळत सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे पाहुणा यायचा असला की आपण आधी ताटावर बसत नाय, तसंच ना? एवढं सांगायला लई घाम गाळलास." मला हायसं वाटलं. आजही ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी राहते तेव्हा पाठ केलेलं काहीच आठवत नाही, हेच आठवतं.

यंदाच्या ईस्टरला पहाटे रस्सा उकळला. आई चमचा घेऊन उभी. शेजारचं दार बंद. आई दाराकडे बघते, पातेल्याकडे बघते, आणि मला दिसलं, ती आता स्वतःच चाखणार. मी तिच्या हातातून चमचा ओढून घेतला आणि रस्सा चाखला. झालं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा उपवास मोडला होता, पण आईचा टिकला होता, आणि मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं.

चर्चमध्ये मी बाकावरच बसून राहणार होते. रांग सुरू झाली तशी आईनं मला कोपरानं ढोसलं.

"मी चाखलंय, आई."

"तासाच्या वर झालं. चर्चला तेवढं पुरतं. ऊठ."

"आणि तुला पुरतं तेवढं?"

"माझं माझ्यापाशी. तू चल."

दुपारी मावशीच्या यजमानांना, काकांना, जेवायला बोलावलं होतं. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले, भुवई वर केली.

"मीठ कुणी बघितलं?"

"मी," मी म्हणाले. भरल्या पंगतीत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"कमी आहे."

पप्पा मीठ आणायला उठले, पण आईनं त्यांना हातानंच खाली बसवलं. "असू द्या," ती म्हणाली. "नाताळपर्यंत शिकेल ती."