हात न जोडणारा गरुड

मला गरुडांचा नाद लागला तो लग्नानंतर, कुंभकोणमला. आमच्या घरामागेच पितळेची भांडी ओतणाऱ्यांची गल्ली होती. मोडीच्या ढिगात कधी घंटेचा दांडा मिळे, कधी तुटक्या समईचा वरचा भाग, आणि त्यावर गरुड. सगळे एकाच ठेवणीचे. टोकदार नाक, एक गुडघा टेकलेला, हात जोडलेले. यजमानांचा छंद निराळा. स्वदेशीच्या सभांतले बिल्ले, चरख्याची बटणं, देशमातेचं चित्र असलेल्या काडेपेट्या ते जमवत. दोघांचं सामान एकाच फडताळात. सासूबाई म्हणत, "देव कुठला अन् देश कुठला, पुसताना कळत नाही मज."

आईचे मामा पट्टीश्वरम्‌ला राहत. मी त्यांना आजा म्हणे. त्यांचे वाडवडील तंजावरच्या दरबारात निशाणापाशी चाकरीला होते. राज्य खालसा झालं, चाकरी गेली. घरात उरली थोडी भातशेती आणि एक पितळी गरुड. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चक्रावलेच. चांगला कोंबड्याएवढा, पण माणसाचा चेहरा नाही. नुसता पक्षी. चोच वाकडी, पंख पसरलेले, नख्यांखाली गोळा.

"आजा, ह्याचे हात कुठं?"

"राजाच्या निशाणावरला तो. राजाच्या गरुडानं कुणापुढं हात जोडायचे ग?"

उत्तर झोकदार होतं, पण माझं समाधान होईना. निशाणाच्या काठीवर एवढं ओझं कोण चढवील? आणि पाठीवर, पंखांच्या खालच्या कडेला, बोटभर उंचीची एक पट्टी होती, शेताला बांध घालावा तशी. ती कशाला? आजांनाही सांगता येईना. पट्टीश्वरम्‌ला गेले की मी आधी त्या पट्टीवरून बोट फिरवून बघायची.

मग एका वर्षी गावोगाव तिरंगा लावायचं ठरलं. यजमानांनी पट्टीश्वरम्‌च्या मंडळींना गोळा करून आजांच्या दारातच बांबू रोवला. आजा कधी सभेला गेलेले नव्हते. पण सकाळी स्नान करून बाहेर आले नि म्हणाले, "निशाण लागते तर गरुड पाहिजेच." गरुड बांबूपाशी स्टुलावर ठेवला. बायकांनी कुंकू लावलं, मोगऱ्याचा सर घातला.

ऊन चढायच्या आत कुंभकोणमहून पोलीस आले. इन्स्पेक्टर तिरुनेलवेलीकडचे, ख्रिस्ती. त्यांनी झेंडा उतरवायला सांगितला. यजमान म्हणाले, "आम्ही लावला, आम्ही उतरवणार नाही." शिपायांनी दोरी सोडली आणि यजमानांचा दंड धरला. इन्स्पेक्टर स्टूल हलवायला वाकले आणि थबकले. त्यांनी टोपी काढली.

"हा पक्षी इथं कुठून आला?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"राजाचा गरुड," आजा म्हणाले.

"नाही, अय्या. आमच्या गावच्या देवळात असाच आहे. ह्याच्या पाठीवर आमचा वेद, बायबल, उघडून ठेवतात. उभं राहून वाचतात."

ओट्यावर आजांची भागवताची पोथी होती. इन्स्पेक्टरांनी तिला हात लावला नाही, नुसतं बोट दाखवलं. आजांनी ती उचलली आणि गरुडाच्या पंखांवर उघडली. पोथी थोडी घसरली आणि त्या पट्टीला टेकून थांबली.

खरं सांगते, यजमानांना शिपाई नेत होते आणि मी त्या पट्टीकडे बघत उभी होते. आनंदानं माझ्या अंगावर काटा आला होता. भान आलं तशी धावले, तोवर ते गाडीत चढले होते.

आजांच्या शेजाऱ्यांतल्या कुणीसं म्हटलं, "आता हा परधर्माचा पक्षी घरात कसा ठेवायचा?" आजा म्हणाले, "पोथी वाहतो ना? वाहनच झाले मग."

मी इन्स्पेक्टरांना गाठून विचारलं, "पण हा दरबारात कसा आला?"

ते म्हणाले, "राजांकडे पाद्री येत-जात असत, अम्मा. कुणी दिला असेल. राजांनी मागूनही घेतला असेल." तेवढं बोलून त्यांनी टोपी घातली आणि झेंडा घडी करून बरोबर नेला.

यजमान तुरुंगातून सुटले ते वाळून काटकी होऊन. त्यांना जरा बरं वाटल्यावर मी त्यांच्याबरोबर आगगाडीनं तंजावरला गेले. तिथल्या जुन्या चर्चच्या म्हाताऱ्या रखवालदाराला गरुडाबद्दल विचारलं. त्यानं आम्हाला आत नेऊन वाचनाचं साधं लाकडी मेज दाखवलं. पक्ष्याची गोष्ट त्यानं कधी ऐकलेली नव्हती.

"आता कुठं विचारायचं?" परत येताना यजमानांनी विचारलं. मला वाटलं होतं, ते वैतागले असतील. पण त्यांनाही तो पक्षी चावला होता. ते म्हणाले, "राजाच्या कारखान्यातल्या ओतकामवाल्यांची घरं आहेत अजून. पुढल्या खेपेला तिकडं जाऊ."

आणि आम्ही गेलोही. तिथं चहूबाजूंनी माणसं जमली. प्रत्येकाचं सांगणं वेगळं, आणि प्रत्येकाला खात्री.