नख अडकलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आत्ता दुपारचं दवाखान्यात कोणी नाही म्हणून लिहायला बसलेय, तरी जिन्यावर चप्पल वाजली की वही झाकते.

मी भंडाऱ्याकडची. शाळा आठवीतच सुटली. नवऱ्याला जालन्यात सळईच्या कारखान्यात काम लागलं, म्हणून इथं आले. कोण होतं माझं इथं? दातांच्या डॉक्टर मॅडमनी मला झाडायला-पुसायला ठेवलं, मग हळूहळू अवजारं धुवायला, ओळखायला शिकवलं. ताई म्हणतात मला. त्यांचं मीठ खाल्लंय मी — आणि त्यांनाच फसवत आलेय.

त्यांनी शिकवलेलं एक तर पाठच आहे. नकली दाताचा स्क्रू हाडात बसवतात, तो मुद्दाम खरखरीत केलेला असतो. हाड त्याला घट्ट धरतं. पण त्याच्यावर हिरडीतून डोकावणारी बटणाएवढी टोपी असते, ती गुळगुळीतच हवी. “खरखरीत जागा जंतूंनाही आवडते, ताई. ओरखडा डोळ्याला दिसत नाही. नख फिरवायचं. नख अडकलं की समजायचं, जंतूही अडकणार.” म्हणून टोपी मऊ ब्रशनंच घासायची. तारेच्या कधीच नाही.

अंबडकडचे एक काका यायचे. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. खुर्चीत बसले की म्हणायचे, “मॅडम, खिडकीजवळची सीट खाली हाये, जल्दी भरा!” स्क्रूसाठी तंबाखू सोडायला लागेल म्हटल्यावर जांब समर्थला जाऊन, समर्थांपुढं हात जोडून सोडून आले. तीस-पस्तीस वर्षांची तंबाखू.

त्यांना बसवायच्या टोपीवर एक डाग होता. मऊ ब्रशनं जाईना. आई म्हणायची, घासलं नाही ते भांडं उष्टंच. ड्रिलच्या टोकांसाठी ठेवलेला तारेचा ब्रश घेतला मी, आणि घासलं. कशी लखलखली! वाफेच्या मशीनमध्ये टाकली. होते ते जंतू मेले. पण तोंडात नवे येतातच ना?

टोपी बसवली, आणि अडीच महिन्यांनी काका आले ते गाल धरून. हिरडीतून पू. स्क्रू हलत होता, काढावाच लागला.

“काका, खरं सांगा. तंबाखू चालू आहे ना?”

“न्हाई हो मॅडम. बिलकुल न्हाई.”

काकू शेजारीच होत्या. “काय सांगता? उभी हयात पुडी लपवण्यात गेली ह्यांची. आताबी खोटं बोलून राह्यलेत.”

“अगं, समर्थांपुढं सोडली ना मी!”

“देवालाबी फसवलं म्हणा की मंग.”

मॅडम हसल्या. मी ट्रे धरून उभी. काका एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होते — बिनतिकीट पकडलेल्या माणसासारखे. जन्मभर दुसऱ्यांना पकडत आलेला माणूस तो.

ओरखड्यांमुळेच झालं का? मी नाही सांगू शकत. मॅडमनी सांगितलं असतं, त्यांना कळलं असतं तर. ओरखडे उठलेत हे मला ठाऊक नव्हतं, चुकून झालं — असं मी स्वतःला किती वेळा सांगितलंय. तुम्हालाही वर तसंच सांगत आले, नाही का? एवढंच गाळलं.

टोपी मशीनमध्ये टाकण्याआधी मी नख फिरवलं होतं.

अडकलं होतं.

एका कडेला नाही — सगळीकडं. दुसरी टोपी कपाटात होती. पण ती मागायची, तर ही का नको, ते सांगावं लागणार. आणि मग? मॅडम काढून टाकतील, पुन्हा ते एका खोलीत दिवसभर बसणं. मी झाकण लावलं, बटण दाबलं.

जाताना काका दाराशी थांबले. काकू पुढं गेल्या होत्या.

“ताई, तुम्ही तरी मानता का? न्हाई खाल्ली मी.”

मी म्हटलं, “काका, पायरी जपून.”

खिडकीतून दिसलं. खालच्या टपरीवर त्यांनी पुडी घेतली. काकू काहीतरी ओरडल्या. काकांचा आवाज वरपर्यंत आला, “खोटाच ठरलो ना? मंग खाऊनच ठरतो.”

तळहातावर चुना घेऊन ते बराच वेळ मळत राहिले. मी पडदा ओढला आणि ट्रे धुवायला घेतला.