पिवळं चर्च आणि अर्धं कणीस

आमच्या ह्यांच्या फोटोंना माणसांचं वावडं आहे. इंग्लंडात लीड्सला राहायला आल्यापासून सुट्टी मिळाली की हे कॅमेरा गळ्यात अडकवून जुनी चर्च शोधत निघणार, आणि मी ट्रायपॉड आणि डबा सांभाळत मागून. आधी यॉर्कशरमधली गावं झाली, मग स्पेन झालं, आणि रिटायर झाल्यावर थेट मेक्सिको. स्पॅनिश लोकांनी तिथे जाऊन बांधलेली चर्च म्हणे स्पेनमधल्यांपेक्षाही देखणी. असतील बाई. भर उन्हात, रिकाम्या पोटी मला सगळी सारखीच दिसतात.

एकेका चर्चसमोर हे तास तास उभे. ढग सरकू दे, बस जाऊ दे, पायरीवरची बाई उठू दे. सगळं जुळून आलं की नेमकी मी कडमडायचे. पाणी द्यायला, टोपी द्यायला, नाहीतर ‘अहो, झालं का?’ विचारायला. मग ठरलेलं वाक्य यायचं, ‘अगं, बाजूला हो!’ उभ्या संसारात ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, गोड बोलण्याचं तर नावच नको, पण हे वाक्य मात्र मी देशोदेशी ऐकलंय. फोटो पाठवले की पुण्याहून नणंद विचारायची, ‘वहिनी, तू गेली तरी होतीस का गं?’ रागच यायचा.

मेक्सिकोत चोलुला गावी एका टेकडीवर पिवळंधमक चर्च आहे. ती टेकडी म्हणजे मुळात जुना पिरॅमिड, त्यावर गवत माजलंय आणि माथ्यावर स्पॅनिश लोकांनी चर्च चढवलंय. मागे ज्वालामुखी. त्याच्यावरचा ढग हटेपर्यंत हे हलायला तयार नाहीत. मी वैतागून रस्त्यावरच्या गाडीवर गेले आणि एक कणीस घेतलं. कणसाला चक्क मेयोनेज फासलेलं! पण वरून तिखट आणि लिंबू होतं, म्हणून माफ केलं. ह्यांना चाखवावं म्हणून लगबगीने आले, आणि त्याच क्षणी ढग हटला. फोटोत पिवळं चर्च, ज्वालामुखी, आणि कोपऱ्यात माझा हात नि अर्धं कणीस. क्लिक करून झाल्यावर ‘अगं, बाजूला हो’ म्हणून काय उपयोग? हॉटेलवर पोचेपर्यंत अबोला धरला माझ्याशी.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना स्ट्रोक आला. सकाळी चहाचा कप हातातून सुटला. ‘अहो, काय झालं?’ म्हणून मी ओरडले तर ह्यांच्या तोंडातून नुसता ‘आ’. ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटल झालं, जीव वाचला. उजवा हात तेवढा लुळा पडला, आणि बोलणं गेलं. इंग्रजी गेलं, मराठी गेलं, उरला फक्त ‘हो’. चहा हवाय? हो. नकोय? हो. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. हा माणूस आता माझ्याशी कधी बोलणारच नाही का, एवढी एकच भीती दिवसरात्र मनात.

घरी स्पीच थेरपिस्ट यायला लागली. तरुण गोरी मुलगी, हसरी. ती म्हणाली, त्यांना सगळं समजतंय, शब्द आतच अडकलेत, त्यांच्या आवडीच्या गोष्टी दाखवून बोलतं करा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आणि त्यांचा शब्द तुम्ही म्हणू नका. थांबा.’ म्हणजे मला तोंड बंद ठेवायला सांगितलं! लग्नात भटजींनीसुद्धा इतकी कठीण अट घातली नव्हती.

चर्चच्या फोटोंचे प्रिंट काढून मी डायनिंग टेबलवर मांडले. ‘हे काय?’ विचारायचे, ह्यांचे ओठ हलायला लागायचे, की मी लगेच, ‘घंटा! घंटा म्हणायचंय ना?’ हे डोळेच मिटून घ्यायचे. मलाही माझा संताप यायचा. पण जिभेला हाड नाही, करू काय?

एक दिवस चोलुलाचा फोटो वर आला. हे बघत राहिले आणि एकदम हसले. स्ट्रोकनंतर पहिल्यांदा. डाव्या हाताचं बोट कोपऱ्यावर ठेवून म्हणाले, ‘क... क...’ मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. ‘कणीस.’ अगदी स्वच्छ! त्यानंतर घंटा आली, दार आलं, चहा आला. पण सगळे सुटे सुटे शब्द. मला बोलवायचं तर हे टेबलावर चमचा वाजवायचे. त्या चमच्याचा आवाज काळजाला लागायचा.

मे महिन्यात छान ऊन पडलं, तशी मी ह्यांना बसने नदीकाठच्या ॲबीपाशी, म्हणजे पडक्या जुन्या मठापाशी घेऊन गेले. इथे आल्यावर ह्यांनी पहिला फोटो काढला तो तिचाच. बाकावर बसवलं, समोर ट्रायपॉड लावला, रिमोट डाव्या हातात दिला. हे वाट बघायला लागले. फ्रिस्बी खेळणारी मुलं गेली, कुत्रा फिरवणारे आजोबा गेले, भिंतींवर ऊन आलं. तेवढ्यात मला ह्यांच्या डोक्यावरचं ऊन दिसलं आणि मी टोपी घेऊन पुढे झाले. बरोब्बर कॅमेऱ्यासमोर.

ह्यांच्या कपाळावर आठी चढली. ‘अ...’

पुढचं सगळं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. दात आवळून मी तशीच उभी राहिले. थांबले. ह्यांचे ओठ हलत होते, मान थरथरत होती.

‘अ... अगं.’

मी हातातली टोपी तोंडावर दाबून धरली.

‘बा... बाजूला... हो.’

‘काय म्हणालात?’ मी रडत रडतच विचारलं. ‘अहो, परत म्हणा ना!’

‘अगं, बाजूला हो!’ ह्या वेळी इतक्या जोरात खेकसले, की पुढे गेलेले आजोबाही वळून बघायला लागले.

मग मी झाले बाजूला. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी बाजूला झाले नव्हते.