बेशरमचाचा

आमच्या भद्रावतीत माणसांशी भांडणारे पुष्कळ. झाडाशी भांडणारे एकटे चाचाच. नाल्याच्या काठावर कमरेवर हात ठेवून ते बेशरमाच्या झुडपांना दरडावत, "काऊन बे, पुन्हा आला? लाज नाई वाटत?" आता ज्याचं नावच बेशरम, त्याला लाजेचं विचारायचं म्हणजे कमाल झाली. ते आपलं जांभळी फुलं हलवत उभं. शेवटी गावानं चाचांचंच नाव बेशरमचाचा ठेवून टाकलं.

चाचांचा धंदा कूलरच्या ताट्यांचा. ताटीत भरायचा वाळा, म्हणजे खस, ते नाल्याकाठून स्वतः खणून आणत. वरून साधं गवत, पण मुळांना काय वास! आमच्या घरातला कूलर त्यांच्याच ताटीवर चाले, आणि भर दुपारी खोलीभर ओल्या मातीचा वास सुटे. बाजारात भुशाच्या स्वस्त ताट्या आल्या तरी चाचा बधले नाहीत. "त्यातून हवा येते गुर्जी, थंडाई नाई येत," म्हणायचे.

मग विकास आला. जवळच कोळशाची खाण उघडली आणि वरची माती नाल्यापलीकडे रचली गेली. आम्हा सपाटीवरच्या लोकांना फुकटात डोंगर मिळाला! दर पावसाळ्यात तो थोडाथोडा नाल्यात उतरे. त्यावर झाडं लावायचा कार्यक्रमही झाला. पाहुणे, फोटो, चहा सगळं झकास झालं, रोपं तेवढी मेली. गाळाखाली वाळा गेला आणि त्याच्या जागी कोणी न लावता बेशरम आलं. करंजाखाली वाळ्याचा एकच ठोंब उरला. तो वाचवायचा, एवढाच ध्यास चाचांनी घेतला.

दर शुक्रवारी नमाज झाली की चाचा कोयता घेऊन निघत. बेशरम कापायचं, मोळ्या बांधायच्या आणि नाल्यात सोडून द्यायच्या. "गेली बला!" कसली जाते! या झाडाची कांडी ओल्या मातीला टेकली की मूळ धरते. खालच्या एकूण एक गावाला चाचांनी घरपोच बेशरम पोचवलं. मी हे सांगायला गेलो तर मलाच झापलं, "गुर्जी, तुमी पोट्टे शिकवा. मले काम करू द्या."

पुढे गुरं वाळ्याला तोंड लावू लागली, म्हणून चाचांनी त्याला कुंपण घातलं. कशाचं? कापलेल्या बेशरमाच्याच काड्यांचं! पावसाळ्यात कुंपणाला पालवी फुटली. चाचांचा चेहरा बघून मी हसून हसून बेजार झालो. पण बेशरमाच्या वाटेला गुरं जात नाहीत, त्यामुळे आत वाळा मजेत वाढत होता. चाचांना ते दिसत होतं, पण कबूल करतील तर शपथ. उलट मलाच म्हणाले, "याले गाडल्याबिगर मी गाडला जानार नाई. लिहून ठेवा."

नाही लिहिलं ते बरं. गेल्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि चाचा गेले. कबरस्तान त्याच नाल्याच्या काठी. माती दिल्यावर कबरीवर हिरवी फांदी खोचायची रीत. पाऊस कोसळत होता, सगळ्यांची धांदल उडाली होती. चाचांच्या जावयानं हाताशी आली ती फांदी मोडली आणि उशाशी खोचली. मी पाहिली. रडू येत होतं, त्यातच हसू फुटायला लागलं. बेशरम!

पावसाळा सरेपर्यंत तिनं मूळ धरलं, फुलंही आली. एका सकाळी मी ती उपटायला कुदळ घेऊन गेलो. खोडाला हात घातला आणि पुढे काही करवेना. मग करंजाखाली गेलो, चाचांच्या त्या कुंपणातून आत शिरलो, वाळ्याची एक जुडी मुळांसकट काढली आणि कबरीवर लावली. बेशरम राहू दिलं. एक तर गुरं फिरकायची नाहीत. आणि दुसरं म्हणजे, चाचांना भांडायला तिथं दुसरं आहे कोण?